नकाशावर बिंदू भलत्याच जागी पडतात: कारण शोधायचं कसं आणि कोणत्या क्रमाने

अक्षांश-रेखांशांची फाइल नकाशावर टाकली आणि बिंदू भलतीकडेच पडले, तर लगेच फाइलमधले आकडे बदलायला जाऊ नका. आधी बिंदू नेमके कुठे पडलेत ते पाहा. चुकीची जागा सहसा कशीही ठरत नाही. कोणत्या चुकीने बिंदू कुठे जाणार हे गणिताने ठरलेलं असतं, त्यामुळे निम्मं निदान नकाशाकडे नीट पाहिल्यावरच होतं. बिंदू उचलून हाताने योग्य जागी सरकवणं हा उपाय नव्हे. त्याने कारण झाकलं जातं आणि पुढच्या फाइलला तोच त्रास पुन्हा होतो.

लक्षणं

- सगळे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, विषुववृत्तावर गोळा झालेत.
- बिंदू दुसऱ्याच खंडात किंवा भर समुद्रात आहेत.
- प्रदेश बरोबर आहे, पण प्रत्येक बिंदू वेगवेगळ्या अंतराने चुकलाय: कोणी दोन किलोमीटर, कोणी पस्तीस.
- सगळे बिंदू एकाच दिशेला, जवळपास सारख्याच अंतराने सरकलेत: काही मीटर, नाहीतर काही शे मीटर.
- बिंदू आखलेल्या जाळीवर बसवल्यासारखे सरळ ओळींत दिसतात.
- एका शहराच्या मध्यावर शेकडो बिंदूंचा ढीग आणि आजूबाजूला काहीच नाही.
- रेषा नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी जाते, किंवा छोट्याशा पॉलिगॉनच्या (बंद आकृतीच्या) जागी सगळं जगच रंगतं.
- काही ओळी नकाशावर येतच नाहीत आणि एररही दिसत नाही.

सुरुवात करण्याआधी

मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा उघडूसुद्धा नका. एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी आकडे बदलू शकतात. त्याबद्दल खाली येईलच.

मग चार-पाच ओळखीचे बिंदू निवडा. उपग्रह चित्रात स्पष्ट दिसणारा इमारतीचा कोपरा, पुलाचं टोक किंवा रस्त्यांचा चौक चालेल. हे बिंदू एकमेकांपासून लांब हवेत. एकाच बिंदूवरून एवढंच कळतं की काहीतरी चुकलंय. चूक सगळीकडे सारखी आहे, की जागेनुसार बदलते, हे कळायला लांबलांबचे बिंदू लागतात, आणि पुढचं निदान त्यावरच अवलंबून आहे.

१. अक्षांश आणि रेखांशांची अदलाबदल

फुकटात होणारी आणि सर्वाधिक वेळा लागू पडणारी तपासणी हीच. पॅरिसचे आकडे अक्षांश ४८.८५६६, रेखांश २.३५२२ असे आहेत. उलटे भरले की बिंदू सोमालियाच्या किनाऱ्यापुढे हिंदी महासागरात जातो.

हा घोळ संपत नाही, कारण प्रत्येक साधनाचा क्रम वेगळा आहे. नकाशा दाखवणाऱ्या साधनांपैकी लीफलेट आणि गूगल मॅप्स अक्षांश आधी घेतात. मॅपबॉक्स, मॅपलिब्रे आणि ओपनलेयर्स रेखांश आधी घेतात. जिओजेसन आणि केएमएल या फाइल-प्रकारांत रेखांश आधी येतो. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसचं एसटी_मेकपॉइंट आधी एक्स मागतं, म्हणजे रेखांशच. जीपीएसच्या जीपीएक्स फाइलमध्ये दोन्ही आकडे नावानिशी लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. सर्व्हरकडून नकाशाचं चित्र मागवायच्या डब्ल्यूएमएस पद्धतीच्या १.१.१ आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ साठी (हा साध्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा कोड) रेखांश आधी, तर १.३.० मध्ये अक्षांश आधी. सर्व्हरची आवृत्ती बदलली की चालू असलेला नकाशा अचानक मोडतो, तो यामुळे.

दोन्ही स्तंभांची किमान आणि कमाल किंमत काढा. अक्षांश ९० च्या पुढे जाऊच शकत नाही. 'अक्षांश' नावाच्या स्तंभात १०० सापडला तर निकाल लागला. पण दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर कोणतंही साधन तक्रार करणार नाही, तेव्हा नकाशा पाहूनच ठरवावं लागतं. स्तंभाच्या नावावर विश्वास ठेवू नका. चुकीची नावं दिलेल्या फाइली भरपूर फिरतात.

२०१९ नंतर जुन्या स्क्रिप्ट अचानक उलटं उत्तर देऊ लागल्या असतील तर कारण बहुधा प्रोज ६ आणि जीडॅल ३ या निर्देशांक हाताळणाऱ्या लायब्ररी असतात. ईपीएसजी ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आहे, आणि या आवृत्त्या ती व्याख्या काटेकोरपणे पाळतात. पायप्रोजमध्ये (पायथनमधून प्रोज वापरायचं साधन) ट्रान्सफॉर्मर बनवताना ऑलवेज_एक्सवाय ट्रू ठेवलं की क्रम कायम रेखांश-अक्षांश राहतो.

२. उणे चिन्ह

विषुववृत्ताच्या दक्षिणेला अक्षांश उणे, ग्रीनिचच्या पश्चिमेला रेखांश उणे. न्यूयॉर्कच्या −७४.००६० मधलं उणे गळलं की बिंदू किर्गिझस्तानात पडतो. मूळ डेटात एन, एस, ई, डब्ल्यू ही अक्षरं वेगळ्या स्तंभात असतील आणि रूपांतर करणाऱ्याने फक्त आकडे उचलले असतील, तर हमखास असंच होतं. बिंदू बरोबर अक्षांशावर पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला दिसला, की आधी चिन्ह तपासा.

चिन्ह दिसायला जागेवर असूनही वाचलं जात नाही, असंही घडतं. वर्ड किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यांमागे कीबोर्डवरच्या हायफनऐवजी लांब डॅश किंवा गणितातलं खास उणे चिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, प्रोग्रामला नाही. शोधा-बदला करून सगळ्यांच्या जागी साधा हायफन घाला.

३. रिकाम्या जागा, शून्य आणि न दिसणारी अक्षरं

गिनीच्या आखातात, ०, ० या जागी बिंदू साचले असतील तर तिथे पूर्ण झूम करा. दोन वेगळे दोष इथे एकसारखे दिसतात, ते झूम केल्याशिवाय वेगळे होत नाहीत.

सगळे बिंदू तंतोतंत एकावर एक असतील तर रिकाम्या किमती शून्य झाल्यात. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या मजकुरावर नंबर() चालवलं की शून्य मिळतं, पार्सफ्लोट() चालवलं की 'आकडा नाही' असं उत्तर मिळतं. इथे दुसरं वापरा आणि आकडा नसलेल्या ओळी वेगळ्या काढा. त्या ओळी पुसू नका. त्यांची माहिती कुठून गळाली ते शोधायला त्याच लागतील.

पण झूम केल्यावर दोनेकशे मीटरच्या आत तुमच्या सगळ्या बिंदूंची चिमुकली, ओळखू येणारी आकृती दिसली, तर अंश मीटर म्हणून वाचले गेलेत. नकाशाला वाटतंय की ४८.८५ म्हणजे मूळबिंदूपासून ४८.८५ मीटर. ओपनलेयर्समध्ये अंशांचे मीटर करणारं फ्रॉमलॉनलॅट विसरलं की नेमकं हेच होतं. त्याचा इलाज सहाव्या मुद्द्यात आहे.

ओळी गायब होत असतील तर हेही पाहा:

पहिल्या स्तंभाचं नाव बरोबर असूनही 'असा स्तंभ नाही' असं उत्तर येतं का? यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचं न दिसणारं अक्षर असू शकतं आणि ते पहिल्या नावाला चिकटतं. पायथनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८-एसआयजी दिलं की ते निघून जातं.

दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या देशांतून आलेली फाइल असेल तर ४८,८५६६ हे सीएसव्हीत (स्वल्पविरामाने स्तंभ पाडणाऱ्या फाइलीत) दोन स्तंभ होतात. उलट, अशा सेटिंगच्या संगणकावर एक्सेल ४८.८५६६ मधला बिंदू हजारांचा विभाजक समजून ४८८५६६ करू शकतं.

आकडे देवनागरीत आहेत का? इथे ते देवनागरीत छापलेत, पण फाइलमध्ये रोमन अंकच हवेत. पायथनचं फ्लोट() देवनागरी अंक वाचतं, जावास्क्रिप्ट वाचत नाही. त्यामुळे तीच फाइल सर्व्हरवर चालते आणि ब्राउझरमध्ये बिंदू हरवतात. मराठी फॉर्मवर भरलेल्या माहितीत हा दोष वारंवार सापडतो आणि तो लवकर कोणाच्या ध्यानात येत नाही.

४. अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश अंश यांची सरमिसळ

प्रदेश बरोबर, पण प्रत्येक बिंदूची चूक वेगळी आणि ती चाळीसेक किलोमीटरपर्यंत, असं दिसलं तर थेट इथे या.

४८ अंश ५१ मिनिटं २४ सेकंद म्हणजे ४८ + ५१/६० + २४/३६००, म्हणजे ४८.८५६६६७. कोणीतरी घाईत ते ४८.५१२४ असं लिहितं. फरक ०.३४ अंशांचा, जमिनीवर सुमारे ३८ किलोमीटर.

हे पकडायची एक खात्रीची खूण आहे. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे पाहा, मग पुढचे दोन. दोन्ही जोड्या संपूर्ण फाइलमध्ये कधीच ५९ च्या वर जात नसतील, तर ती मिनिटं आणि सेकंद आहेत. खऱ्या दशांश अंशांत ६० ते ९९ सुद्धा येणारच. प्रदेश लहान असेल तर पहिली जोडी आपसूकच ६० च्या खाली राहू शकते, म्हणून दुसरी जोडी जास्त भरवशाची.

जीपीएस यंत्राच्या एनएमईए ओळींत आणखी तिसरा प्रकार असतो: ४८०७.०३८ म्हणजे ४८ अंश ७.०३८ मिनिटं. शेवटच्या दोन पूर्णांक जागा मिनिटांच्या असतात. शंभराने भागून ४८.०७०३८ करणं चूक. बरोबर उत्तर ४८ + ७.०३८/६०, म्हणजे ४८.११७३.

उणे किमतींचं रूपांतर काळजीपूर्वक करा. −३३ अंश ५१ मिनिटं ५४ सेकंद यात अपूर्णांक ०.८६५ येतो. तो −३३ मध्ये मिळवला तर −३२.१३५ होतं आणि बिंदू १९० किलोमीटरहून जास्त उत्तरेला सरकतो. आधी चिन्ह बाजूला ठेवा, ३३.८६५ काढा, मग उणे लावा. अंश शून्य असतील, म्हणजे ग्रीनिचच्या किंवा विषुववृत्ताच्या लगतच्या जागा, तर उणे शून्य पूर्णांकात साठवता येत नाही आणि चिन्ह नाहीसं होतं. म्हणून दिशा नेहमी वेगळ्या स्तंभात ठेवावी.

५. गळालेले दशांश

अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर असतो. म्हणून दोन दशांश म्हणजे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे १११ मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे १.१ मीटर, सहा म्हणजे ११ सेंटिमीटर. रेखांशाचं अंतर ध्रुवाकडे आक्रसत जातं. ६० अक्षांशावर ते निम्मं होतं. नकाशावर दाखवण्यासाठी सहा दशांश पुरेसे आहेत. पंधरा दशांशांनी फाइल जड होते, अचूकता वाढत नाही.

बिंदू जाळीत बसलेले दिसले तर ओळींतलं अंतर मोजा. सुमारे १.१ किलोमीटर आलं तर कोणीतरी दोन दशांशांवर आणलंय. हे बहुतेक वेळा एक्सेलचं काम असतं: सेलमध्ये दोनच दशांश दाखवायचं ठरलेलं असेल तर सीएसव्ही सेव्ह करताना दिसतो तेवढाच आकडा लिहिला जातो. दुहेरी क्लिकने सीएसव्ही उघडण्याऐवजी इम्पोर्ट करा आणि दोन्ही स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून घ्या. आधीच गळालेले दशांश परत येत नाहीत. बाजूला ठेवलेली मूळ प्रत इथे उपयोगी पडते.

जाळी साधारण एक ते दोन मीटरची असेल तर आकडे ३२-बिट फ्लोटमध्ये, म्हणजे कमी अचूकतेच्या प्रकारात, साठवलेत. त्यात १२८ च्या पुढच्या रेखांशांना सुमारे ०.००००१५ अंशांची पायरी पडते, विषुववृत्तावर १.७ मीटर. डेटाबेसमधल्या स्तंभाचा प्रकार 'डबल' (६४-बिट) करा आणि मूळ फाइल पुन्हा भरा.

शहराच्या मध्यावरचा ढीग मात्र निर्देशांकांचा दोष नाही. पत्ता सापडला नाही की जिओकोडर (पत्त्यावरून निर्देशांक शोधणारी सेवा) शहराचा मध्यबिंदू देतो. जुळणी किती नेमकी झाली हे सांगणारं फील्ड उत्तरासोबत साठवा आणि फक्त शहरापर्यंत जुळलेले बिंदू वेगळे दाखवा.

६. आकडे अंशांतच नसतात तेव्हा

किमती लाखांत असतील तर ते प्रोजेक्शन केलेले, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणून मोजलेले, मीटर आहेत. वेबवरच्या नकाशांचं प्रोजेक्शन वेब मर्केटर, ईपीएसजी ३८५७, मध्ये दोन्ही अक्षांची मर्यादा ±२,००,३७,५०८.३४ मीटर असते आणि नकाशा सुमारे ८५.०५ अक्षांशावर संपतो. त्यापलीकडचा बिंदू त्यात दिसणारच नाही. पॅरिस त्यात २ लाख ६२ हजार आणि ६२ लाख ५० हजारांच्या आसपास येतं.

यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी मीटरची पद्धत) पूर्वेचा आकडा सहा अंकी असतो आणि साधारण १,६६,००० ते ८,३४,००० च्या दरम्यान फिरतो, कारण प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखांशाला ५,००,००० दिलेले असतात. पट्टे ६० आहेत, प्रत्येक ६ अंशांचा. तोच आकडा प्रत्येक पट्ट्यात येतो, म्हणून पट्टा माहीत नसेल तर आकडा निरुपयोगी. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांक घ्या, त्यात १ मिळवा: पॅरिससाठी ३१. उत्तर गोलार्धात त्याचा कोड ईपीएसजी ३२६३१, दक्षिणेला ३२७ ने सुरू होणारा. नैऋत्य नॉर्वे आणि स्वालबार्डमध्ये पट्टे वेगळे पाडलेत. बिंदू बरोबर ६ अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला गेले असतील तर शेजारचा पट्टा निवडला गेलाय.

आता या सगळ्या विषयातली सर्वात महागडी चूक. सीआरएस म्हणजे आकडे ज्या निर्देशांक पद्धतीत आहेत ती. 'या डेटाची सीआरएस अमुक आहे' असं सांगणं आणि 'हा डेटा त्या सीआरएसमध्ये बदल' असं सांगणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. क्यूजीआयएसमध्ये सेट लेयर सीआरएस आणि रिप्रोजेक्ट लेयर, पोस्टजीआयएसमध्ये एसटी_सेटएसआरआयडी आणि एसटी_ट्रान्सफॉर्म, जिओपांडाजमध्ये सेट_सीआरएस आणि टू_सीआरएस. प्रत्येक जोडीतली पहिली क्रिया फक्त चिठ्ठी लावते, आकडे तसेच राहतात. दुसरी आकडे बदलते. नकाशा जुळत नाही म्हणून चिठ्ठ्या बदलत बसलं की थोड्याच वेळात फाइलमध्ये एक सीआरएस लिहिलेली आणि आकडे दुसऱ्याच सीआरएसचे, अशी अवस्था होते.

म्हणून क्रम असा ठेवा: मूळ प्रत घ्या, तिची खरी सीआरएस एकदाच सांगा, ओळखीचे बिंदू जुळतात का पाहा, जुळले तरच बदला. प्रत्येक पायरीनंतर पहिल्या ओळीचे आकडे पाहा. चिठ्ठी लावल्यावर आकडा बदलला, किंवा सीआरएस बदलूनही तो तसाच राहिला, तर तिथेच थांबा. शेपफाइलसोबत सीआरएस सांगणारी पीआरजे फाइल आली नसेल तर सीआरएस अंदाजाने ठरवू नका, पाठवणाऱ्याला विचारा.

७. डेटम

एकाच दिशेला, जवळजवळ सारख्या अंतराचं सरकणं हे डेटमचं लक्षण. अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या प्रतिमानावर मोजले हे बदललं की त्याच आकड्यांची जमिनीवरची जागा बदलते. उत्तर अमेरिकेतल्या नॅड२७ आणि नॅड८३ मधला फरक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे १० ते १०० मीटर आहे. जपानच्या जुन्या टोकियो डेटमचा फरक टोकियो परिसरात ४५० मीटरच्या आसपास भरतो. ऑस्ट्रेलियाच्या जीडीए९४ आणि जीडीए२०२० मध्ये सुमारे १.८ मीटर आहेत, कारण खंडच ईशान्येकडे सरकतोय. चीनमधल्या जीसीजे-०२ मध्ये मुद्दाम घातलेला फरक काही शे मीटरचा आणि जागेनुसार बदलणारा असतो, त्यामुळे एकच वजाबाकी करून तो निघत नाही.

ओळखीच्या बिंदूंची चूक मोजून दिशा आणि अंतर लिहा. सगळीकडे सारखं आलं तर मूळ नकाशाच्या समासात किंवा यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटमचं नाव शोधा आणि योग्य ईपीएसजी कोड देऊन सॉफ्टवेअरलाच रूपांतर करू द्या. चूक फक्त उत्तर-दक्षिण असेल, विषुववृत्ताजवळ नगण्य आणि मधल्या अक्षांशांवर किलोमीटरांत, ४५ अंशांपाशी जवळपास २१ किलोमीटर, तर तो डेटम नव्हे. वेब मर्केटर (पृथ्वी गोल मानणारं) आणि लंबगोलावरचा मर्केटर (ती किंचित चपटी मानणारं) यांची गल्लत आहे.

चूक दर बिंदूला वेगळी, कोणत्याही दिशेला आणि दहा मीटरच्या आत असेल, तर ती साध्या मोबाइल जीपीएसची मर्यादा आहे. तिथे सीआरएस बदलून काही साधणार नाही.

८. १८० अंशांची रेषा आणि पॉलिगॉनची दिशा

नकाशाभर आडवी गेलेली रेषा १८० अंश रेखांश ओलांडते. १७९ वरून −१७९ ला जाताना प्रोग्राम सगळं जग फिरून येतो. जिओजेसनच्या २०१६ च्या मानकानुसार, आरएफसी ७९४६, अशी रेषा त्या रेखांशावर तोडून दोन भागांत ठेवायची. रेखांश ० ते ३६० मध्ये असतील तर १८० च्या वरच्या किमतीतून ३६० वजा करा.

सगळं जग रंगलं तर पॉलिगॉनची फिरण्याची दिशा उलटी आहे. त्याच मानकात बाहेरची कडा घड्याळाच्या उलट दिशेने मागितलीय. डी३ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी मात्र घड्याळाच्या दिशेने मागते. कडेचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकच हवा, हेही पाहून घ्या.

थांबायचं कधी

पुढच्यापैकी काहीही असेल तर स्वतः जुळवत बसू नका. जमीन मोजणारा सर्वेअर किंवा भूगणित जाणणारा जीआयएस तज्ज्ञ गाठा.

नकाशावरून जमिनीची हद्द, बांधकामाची आखणी किंवा खोदाईची जागा ठरणार असेल. पडद्यावर जुळलेली रेषा म्हणजे जमिनीवर सिद्ध झालेली हद्द नव्हे, आणि पार्श्वभूमीचं उपग्रह चित्रच काही मीटरने सरकलेलं असू शकतं.

आकडे एखाद्या प्रकल्पाच्या स्थानिक ग्रिडमधले असतील, म्हणजे मूळबिंदू, फिरवलेला कोन आणि स्केल त्या जागेपुरते ठरवलेले. कोणत्याही ईपीएसजी कोडने ते जुळणार नाहीत.

डेटम रूपांतराला ग्रिड फाइल (जागेनुसार दुरुस्त्यांची फाइल) लागते आणि ती मिळत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर काही न बोलता कमी अचूक सूत्र वापरू शकतं.

उंचीचे आकडे गुंतलेले असतील. लंबगोलापासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत ठिकाणानुसार शंभर मीटरपर्यंत फरक पडतो.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या करूनही चूक एका भागात एका दिशेला, दुसऱ्या भागात वेगळ्या दिशेला येत असेल. बहुधा दोन वेगळ्या स्रोतांचा डेटा एका फाइलमध्ये मिसळलाय.

तज्ज्ञाकडे जाताना हात न लावलेली मूळ फाइल, मोजणीच्या यंत्राचं मॉडेल आणि त्याची सेटिंग, मोजणीची तारीख, आणि ओळखीच्या बिंदूंची मोजलेली चूक दिशेसह लिहून न्या. तुम्ही केलेली रूपांतरंही क्रमाने लिहा. दुरुस्त केलेली फाइल वेगळ्या नावाने द्या आणि तिच्यावर कोणती सीआरएस लावली होती ते नावातच लिहा.